इमामसाहेबांच्या घरातून

गेल्या महिन्यात अर्जुनी मोरगावकडच्या एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या नात्यातल्या मुलीला एका हाफिजसाहेबांचे स्थळ सांगून आले आहे. मुलगा दीनदार, स्वभावाने शांत, जवळच्याच गावात इमामत करतो. घरच्यांना पसंत आहे. मुलगी मात्र गप्प आहे. तिने फक्त एवढेच विचारले, "इमामाच्या घरात गेल्यावर माझे काय होणार?" तो प्रश्न त्या भगिनीने आमच्याकडे पाठवला आहे, कारण मशिदीला लागून असलेल्या खोलीतून हे सदर लिहिले जाते हे आपल्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहे.

मुलगी शहाणी आहे. सब्र कर, सवाब मिळेल, हे उत्तर तिला नात्यातल्या सगळ्या खालांनी आणि चाचींनी एव्हाना देऊन झाले असेल. ते खोटे नाही. पण सब्र कशावर करायचा आणि शुक्र कशाचा करायचा, हे कुणी सांगत नाही.

आम्ही राहतो तो आमगाव-सालेकसाचा पट्टा धानाचा. बांध्या, तलाव, मागे जंगल आणि मधून रेल्वे. गावात आपली घरे मोजकीच. मशीद लहान, तिच्या भिंतीला लागून आमची एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. भिंत दोघांत एकच. तिकडे फजरची अजान, इकडे चुलीवर आधण. पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज होतो की जमातीचा सलाम फिरला की नाही ते कळत नाही, मग चहा कधी ओतायचा याचा अंदाजच बांधावा लागतो.

या खोलीला दार एकच आहे, आणि ते सगळ्या गावाचे आहे. कुणाच्या घरी मौत झाली, रात्री दोनला दार वाजते. बाळ जन्मले, कानात अजान द्यायला बोलावणे येते. सासू-सुनेचे भांडण झाले तर दोघी वेगवेगळ्या वेळी येऊन याच पडवीत बसतात. आम्ही दोघींचे ऐकतो आणि एकीचे दुसरीला सांगत नाही. बायका जे यांना विचारू शकत नाहीत ते आम्हाला विचारतात : पाकीचे मसले, बाळंतपणातले रोजे, नवऱ्याने रागात काय शब्द काढला आणि त्याने काय होते. आम्ही नाव न सांगता यांच्यापुढे मसला मांडतो. यांनाही खात्री नसली तर हे आपल्या उस्तादांना फोन करतात. उत्तर मिळाले की आम्ही ते घेऊन परत त्या घरी जातो. दोन-तीन दिवसांचा हा पोस्टमनचा धंदा आहे, आणि त्यात पाकीट उघडायची परवानगी नाही.

मदिन्याच्या अन्सारी स्त्रिया दीन शिकताना लाजत नसत, आणि हजरत आयशा (र.) यांनी त्याबद्दल त्यांचे कौतुक केले आहे. स्वतः हजरत आयशा (र.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस पुढच्या पिढ्यांपर्यंत आल्या. त्यांतल्या कितीतरी गोष्टी घराच्या आतल्या आहेत. प्रेषित (स.) घरी असत तेव्हा काय करत, तर घरच्या कामाला हात लावत, आपली पादत्राणे सांधत, कपडा शिवत, आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. हे जगाला कळले ते घरातल्या बाईने सांगितले म्हणून.

आता पैशाचे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली इमामांना मोबदला मिळालाच पाहिजे, असे सांगून वक्फ मंडळांना त्याची व्यवस्था करायला सांगितले. पण आमच्यासारख्या खेड्यातल्या मशिदी जुम्म्याच्या चंद्यावर चालतात. धान विकले गेले की चंदा बरा होतो, रोवणीच्या दिवसांत पेटी हलकी असते, आणि इमामाचा पगार त्या पेटीसारखाच चढतो-उतरतो. एकटा इमाम असेल तर त्याच्या जेवणाची बारी लागते : आज या घरचा डबा, उद्या त्या घरचा. तो बायको-मुले घेऊन आला की डबे बंद होतात. ते योग्यच आहे, पण डब्यांच्या बदल्यात पगारात काय वाढले, हे विचारायला कुणी जात नाही. आम्ही पूर्वी ज्या गावी होतो तिथे तीन महिने पगार राहिला होता आणि त्याच तीन महिन्यांत मशिदीला नवा रंग दिला गेला. रंग छान होता.

इमामतीवर मोबदला घ्यावा का, हा वाद जुना आहे. सुरुवातीचे हनफी फुकहा कुरआन शिकवण्यावर आणि इमामतीवर उजरत घेणे योग्य मानत नसत. पुढच्या काळातल्या उलमांनी पाहिले की ही कामे करणारा माणूस पोटासाठी दुसरीकडे गेला तर मशिदी ओस पडतील, म्हणून त्यांनी परवानगी दिली. म्हणजे पगार देणे हा उपकार नाही, मशीद आबाद ठेवण्याची ती गरज आहे, हे फिक्हच्याच पुस्तकांत आले आहे. ज्या गावात मुतवल्ली ठरलेल्या तारखेला पाकीट आणून देतात त्या गावच्या इमामाच्या बायकोचा चेहराच वेगळा असतो. रक्कम लहान असली तरी.

पण मुलीचा प्रश्न पैशाचा नव्हता असे आम्हाला वाटते. "माझे काय होणार" या शब्दांत दुसरेच काही आहे. इमामाच्या बायकोला कुणी नावाने हाक मारत नाही. ती हाफिजसाहेबांची अहलिया असते, आपाजान असते, मोहल्ल्यातल्या हिंदू शेजारणींसाठी भाभी असते. तिने ओढणी कशी घेतली, तिच्या मुलाने शिवी कुठे ऐकली, तिच्या घरात टीव्ही आहे का, यावर सगळ्यांचे लक्ष असते. ती मैत्रीणही जोडू शकत नाही, कारण जमातीत दोन पक्ष असतात आणि ती ज्या घरी दोनदा बसली त्या पक्षाची ठरते. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे तिचा ईमान तर असणारच असे धरून चालतात. नवरा इमाम आहे ना! जणू कणगीतल्या धानासारखा तो एकाने भरला की घरात सगळ्यांना पुरतो.

याच ठिकाणी आम्हाला दोन गोष्टी आठवतात. एक आपल्या उम्मुल मोमिनीनची. दुसरी आपल्या धर्माबाहेरची, पण आमच्या दाराजवळून गेलेल्या रुळांवरची.

प्रेषित (स.) यांच्या घरात दोन-दोन महिने चूल पेटत नसे, खजूर आणि पाणी यांवर दिवस जात, हे हजरत आयशा (र.) यांनीच सांगितले आहे. मग एक काळ असा आला की मुसलमानांची स्थिती सुधारू लागली, आणि प्रेषितांच्या पत्नींनी खर्चासाठी थोडे अधिक मागितले. मागणे वावगे नव्हते. घर चालवणारी बाई मागणारच. प्रेषित (स.) महिनाभर सर्वांपासून वेगळे राहिले. तो महिना एकोणतीस दिवसांचा होता. त्यानंतर सूरह अहजाबमधल्या आयती उतरल्या आणि प्रत्येक पत्नीपुढे निवड ठेवली गेली : दुनियेची शोभा हवी असेल तर सन्मानाने सर्व देऊन निरोप दिला जाईल, आणि अल्लाह, त्याचे रसूल आणि आखिरत हवी असेल तर त्यांच्यासाठी मोठा मोबदला आहे. प्रेषितांनी सुरुवात हजरत आयशा (र.) यांच्यापासून केली आणि त्यांना सांगितले की घाई करू नका, आई-वडिलांना विचारून सांगा. त्यांनी सांगितले की यात आई-वडिलांना काय विचारायचे, आणि अल्लाह व रसूलची निवड केली. नंतर बाकीच्यांनीही तेच निवडले.

वाज़मध्ये ही घटना आली की शेवटी काय निवडले यावर भर असतो. आम्हाला मात्र विचारले गेले, यावर थांबावेसे वाटते. सगळ्यांच्या वतीने एकीला विचारले नाही. पतीच्या वतीने पत्नीचा होकार गृहीत धरला नाही. ज्यांच्या घरी वही उतरत होती त्यांनाही वेगवेगळे विचारले, आणि त्यांतल्या वयाने सर्वांत लहान पत्नीला विचार करायला वेळ देऊ केला.

दुसरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकीने त्यांचे नाव ऐकलेले असते. आमगाव, सालेकसा, मग दरेकसाच्या बोगद्यातून पुढे डोंगरगड आणि राजनांदगाव, ही आमची रोजची रेल्वे. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास राजनांदगावला नोकरीसाठी गेले, आणि त्याच वाटेवर डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते पाळक झाले. लक्ष्मीबाईंनी मात्र स्वीकारला नाही. बरीच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. स्वतःच्या मनाने ठरवून त्यांनी धर्म बदलला तो 1900 साली. त्यांची वाट आपली नाही, हे उघडच आहे. पण पाच वर्षे 'माझे अजून ठरलेले नाही' म्हणणारी बाई आम्हाला फार खरी वाटते. नवऱ्याने हट्ट केला असता तर तिचा देह तिकडे गेला असता, मन कुठे गेले असते कोण जाणे.

लग्नाआधी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी 'स्मृतिचित्रे' सांगितली-लिहिली आणि 1934 पासून ती पुस्तकरूपाने आली. त्यात टिळक संत म्हणून कमी आणि नवरा म्हणून अधिक दिसतात : घरात आलेला पैसा दारात उभ्या असलेल्या माणसाला देऊन मोकळे होणारे, पाहुण्यांवर पाहुणे आणणारे, कुणाचीही मुले घरी घेऊन येणारे. लक्ष्मीबाई चिडतात, हसतात आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसतात. हे पुस्तक आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा पडवीत एकटेच मोठ्याने हसलो, आणि यांनी आतून विचारले काय झाले. काय सांगणार! त्याच सकाळी यांनी आमची नवी चादर एका मुसाफिराला देऊन टाकली होती.

तेव्हा त्या मुलीला आमचे पहिले सांगणे असे की निकाहमध्ये तुझी जी इजाजत घेतील ती नवऱ्यासाठी असेल. मशिदीच्या भिंतीसाठी, रात्रीच्या दारासाठी, पेटीतल्या चंद्यासाठी तुला कुणी विचारणार नाही. ते तू स्वतःला विचार. होकार आला नाही तर त्यात गुन्हा नाही. आणि आला, तर तो एकदाच देऊन चालत नाही, हेही सांगून ठेवतो. इथे तो बहुतेक फजरच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो, विशेषतः थंडीत.

दुसरे सांगणे अगदी व्यवहाराचे. खोलीला स्वतंत्र संडास-न्हाणी आहे का, पाणी कुठून येते, पत्रा गळतो का, हे निकाहआधी वडिलांनी जाऊन पाहावे. वर्षातून माहेरी जायला रजा मिळेल का, त्या दिवसांत नमाज कोण पढवणार, हे मुतवल्लींशी आधीच बोलून घ्यावे. यात दीनदारी कमी होत नाही. उंटाला आधी बांध आणि मग तवक्कुल कर, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता आनंदाचे. कारण तो आहे, आणि पुष्कळ आहे.

रमजानमध्ये तरावीहला शहरात इमामाच्या मागे दुसरा हाफिज उभा असतो. इमाम अडखळला, एखादी आयत सुटली, की तो मागून लुकमा देतो. आमच्या गावात दुसरा हाफिज नाही. म्हणून रात्री जो पारा पढायचा तो दुपारी जोहरनंतर हे आम्हाला ऐकवतात. आम्ही हाफिजा नाही, पण अक्षरावर बोट ठेवता येते. समोर मुसहफ रिहलवर उघडा. तीस दिवस हा दौर चालतो. कुठल्या पाऱ्यात कुठे यांची जीभ वळते, कुठल्या दोन आयती एकसारख्या असल्यामुळे हे नेहमी पुढच्या सूरहमध्ये निघून जातात, हे आम्हाला आता तोंडपाठ आहे. रात्री पडवीत बायकांच्या सफमध्ये उभे असताना ती जागा जवळ आली की आमचा श्वास अडकतो. हे सरळ पार होतात. संपूर्ण जमातीत ते कुणालाही कळत नाही. त्या क्षणाला काय नाव द्यावे आम्हाला माहीत नाही, पण त्याच्या बदल्यात कुणी पक्के घर देतो म्हणाले तरी आम्ही विचारात पडू. (पक्के घर नको असे म्हणत नाही.)

मगरिबनंतर मशिदीच्या पायरीशी लहान मुले कडेवर घेऊन बायका उभ्या राहतात, त्यांत हिंदू बायाच जास्त. "हाफिजजी, पोराला फुंकून द्या ना, रात्रभर रडते." ही इथली जुनी रीत आहे. आपल्यातले काही लोक यावर नाक मुरडतात. हे दुआ पढून फुंकर घालतात आणि फुंकरीत शिफा नाही, शिफा देणारा अल्लाह आहे, हे प्रत्येकीला सांगतात. आम्ही पडवीतून मुलाच्या कपाळाला हात लावून पाहतो. अंग तापलेले असेल तर त्या आईला सोडत नाही. सालेकसा-देवरीकडचा हा भाग हिवतापाचा आहे आणि आपल्या जिल्ह्यात सिकलसेलही आहे. दुआ झाली, आता आशाताईकडे जाऊन रक्ताचा थेंब देऊन ये, असे सांगतो. एकदा एक आजी म्हणाल्या, "भाभी, तुमच्या फुंकेपेक्षा तुमची भुणभुण जास्त." त्यांची नात आता शाळेत जाते आणि रस्त्यात आम्हाला पाहिले की ओरडून हाक मारते.

पत्नीचा सल्ला किती वजनाचा असू शकतो हे पाहायचे तर हुदैबियाची घटना वाचावी. हिजरी 6 मध्ये तह झाला, उमरा न करता परत फिरायचे ठरले. सहाबा इतके दुःखी होते की कुर्बानी करून केस उतरवण्याचा हुकूम ऐकूनही कुणी उठले नाही. प्रेषित (स.) तंबूत आले आणि हजरत उम्मे सलमा (र.) यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी सुचवले की कुणाशी काही न बोलता आपण बाहेर जाऊन आपली कुर्बानी करा आणि केस उतरवा. प्रेषितांनी तसेच केले, आणि ते पाहून सगळे उठले. एवढ्या मोठ्या पेचातून वाट निघाली ती तंबूतल्या बोलण्यातून. आमच्या खोलीतले पेच फार लहान असतात : दोन भावांनी ईदला एकमेकांना गळाभेट द्यावी म्हणून काय करावे, चंदा न देणाऱ्या गरिबाला जुम्म्याला लाज वाटू नये म्हणून पेटी फिरवावी की दाराशी ठेवावी. पेटी दाराशी ठेवावी असे आम्ही सुचवले होते. आता ती दाराशी असते. चंदा कमी झालेला नाही.

सध्या रोवणीचे दिवस आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच बाया बांधीत जातात, दिवसभर वाकून पऱ्हे लावतात आणि अंधार पडताना घरी येतात. त्यामुळे आमचा बायकांचा वर्ग असरवरून इशाच्या आधी न्यावा लागला. मगरिबच्या आणि इशाच्या मध्ये वेळ थोडा असतो, चिखल पायांवर वाळलेला असतो, एखादीला तर कायदा हातात धरल्याधरल्या झोप लागते. आम्ही उठवत नाही. वर्गाला यायची सक्ती नाही, कुणाच्या घरी बोलवायला जात नाही. मशिदीत यांनी एकदा जाहीर केले, तेवढेच. पहिल्या दिवशी चार जणी होत्या.

त्यांत एक साठीच्या पुढच्या खाला आहेत. आयुष्य बिडी वळण्यात गेले. बोटे अजून तेंदूपत्ता कापल्यासारखी चालतात, कायद्यावरच्या अक्षरांवरूनही. नमाज त्या पूर्वीपासून पढत, पण लहानपणी ऐकून पाठ केलेले शब्द जसे कानावर पडले तसे. मे महिन्यापासून त्या अलहम्दचे एकेक अक्षर नव्याने बसवत आहेत. 'ऐन' घशातून निघेना म्हणून त्या वैतागायच्या, आणि आम्ही म्हणायचो की राहू द्या, अल्लाह समजून घेतो. त्यावर त्यांनी आम्हालाच दटावले की अल्लाह समजून घेईल ते त्याचे काम, मला नीट म्हणायचे आहे ते माझे.

परवा त्यांचा 'ऐन' निघाला. पडवीतल्या सगळ्या जणी थांबल्या. यांनी भिंतीपलीकडून विचारले कोण पढले, आणि खालांनी स्वतःच उत्तर दिले. सोमवारपासून त्यांना सूरह कौसर द्यायची आहे.